कंपनी तीच, खुर्ची वेगळी: नोकरी सांभाळून एमबीए करायचं का?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमा करून चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो. नोकरी करता करता संध्याकाळच्या कॉलेजातून बी.ई. पूर्ण केलं. आज वय ३२, क्वालिटीत सीनियर इंजिनिअर. कंपनी चांगली आहे, सोडायची इच्छा नाही, पण प्लँट हेडपर्यंत पोचायचं आहे. नोकरी सांभाळून एमबीए केलं तर इथेच वर जाता येईल का? कंपनी निम्मी फी द्यायला तयार आहे, बदल्यात तीन वर्षांचा बाँड (तेवढी वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) मागते. शिवाय माझं इंग्रजी यथातथाच आहे.

मी पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांत एचआरचं काम केलं. बढत्या ठरतात त्या बैठकांत बरीच वर्षं बसले. तिथून जे दिसलं त्यावरून उत्तर देते.

एमबीए पूर्ण झालं म्हणून बढती मिळाली, असं क्वचितच घडतं. एमबीए चालू असताना त्या माणसाने कंपनीत काहीतरी वेगळं करून दाखवलं आणि त्यातून बढती मिळाली, हे मात्र वारंवार घडताना पाहिलं. त्यामुळे करायचं की नाही याला माझं उत्तर ‘करा’ असंच आहे. फक्त फळ अभ्यासक्रम संपल्यावर मिळेल अशी वाट पाहत बसू नका. उपयोग करून घ्यायची वेळ पहिल्या सेमिस्टरपासूनच सुरू होते.

याचं कारण बढतीच्या बैठकीत आहे. बाहेरून येणाऱ्या उमेदवाराचा बायोडेटा सगळे वाचतात. आतल्या माणसाचा कोणी वाचत नाही, कारण त्याला सगळे ‘ओळखतात’. तुमचं नाव निघालं की एखादे जुने मॅनेजर कौतुकानेच म्हणतील, ‘अरे तो, इनकमिंग इन्स्पेक्शनला होता तो ना? चांगला पोरगा आहे.’ संपलं. वय ३२, अनुभव बारा-तेरा वर्षांचा, पण त्या टेबलावर तुम्ही अजून ट्रेनीच आहात. एकाच कंपनीत वाढू पाहणाऱ्याला ज्ञान कमी पडतं त्याहून जास्त ही जुनी ओळख आडवी येते. ती पुसण्याची ताकद पदवीच्या कागदात नसते. तुमच्या विभागाबाहेरच्या तीन-चार वरिष्ठांनी तुम्हाला वेगळं काम करताना बघितलं, की ती आपोआप पुसली जाते. एमबीएचा मोठा उपयोग हा, की त्या लोकांच्या दारात जायला ते एक सभ्य निमित्त देतं. ‘सर, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, वर्किंग कॅपिटल समजून घ्यायचं होतं’ म्हणत फायनान्स हेडकडे गेलात तर ते हटकून वेळ देतात. विद्यार्थ्याला शिकवायला कोणालाही आवडतं. तेच तुम्ही सीनियर इंजिनिअर म्हणून विचारलंत तर पहिला प्रश्न येईल, ‘तुला कशाला पाहिजे?’

जनरल मोटर्सच्या मेरी बारा यांचं उदाहरण इथे चपखल बसतं. (तळेगावात ज्यांचा कारखाना होता तीच कंपनी.) त्या १९८० मध्ये १८ व्या वर्षी कंपनीत लागल्या तेव्हा काम होतं गाड्यांचे फेंडर आणि बॉनेट तपासण्याचं, म्हणजे तुमच्यासारखंच क्वालिटीचं. इंजिनिअरिंग कंपनीच्याच संस्थेतून झालं. पुढे कंपनीने फेलोशिप देऊन स्टॅनफर्डला पाठवलं आणि १९९० मध्ये त्यांनी एमबीए केलं. ते पूर्णवेळ होतं, ती सोय तुम्हाला नाही, हे मान्य. पण त्यानंतरचा प्रवास बघा. वरिष्ठांच्या कार्यालयात काम, अंतर्गत संवादाची जबाबदारी, डेट्रॉइटमधल्या एका प्लँटचं मॅनेजरपद, २००९ मध्ये एचआरचं प्रमुखपद, २०११ मध्ये प्रॉडक्ट डेव्हलपमेंट आणि २०१४ मध्ये सीईओ. पदवी आणि ती खुर्ची यांच्यात २४ वर्षं आहेत आणि त्यातला मोठा काळ त्या आपल्या मूळ विभागाबाहेर होत्या. प्लँट हेड व्हायचं असेल तर तुम्हालाही क्वालिटीतून बाहेर पडावं लागेल, निदान दोन वर्षं प्रॉडक्शन किंवा सप्लाय चेनमध्ये काढावी लागतील. हे कोणत्याही एमबीएत शिकवत नाहीत, आणि याला पर्यायही नाही.

आता ‘वेगळं काम’ म्हणजे नेमकं काय, ते तुमच्याच कामावरून सांगते. क्वालिटीचा माणूस रिव्ह्यू मीटिंगमध्ये म्हणतो, ‘रिजेक्शन ३ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं.’ टाळ्या होतात, विषय पुढे जातो. प्लँट हेडच्या डोक्यात वेगळाच प्रश्न असतो: यातून रुपये किती वाचले?

समजा तुमच्या लाइनवर महिन्याला ५०,००० नग निघतात. १ टक्का म्हणजे ५०० नग. एका नगावर माल आणि प्रक्रिया मिळून ३०० रुपये खर्च होतो, भंगारात ४० रुपये परत येतात, आणि ग्राहक ४५० रुपये देतो. लाइनला पुरेसा मोकळा वेळ असेल तर रिजेक्ट झालेल्या नगाऐवजी दुसरा करून देता येतो. म्हणजे एका नगामागे नुकसान २६० रुपये, महिन्याला १ लाख ३० हजार, वर्षाला १५ लाख ६० हजार. पण लाइन तिन्ही शिफ्ट भरलेली असेल आणि ग्राहक आणखी माल मागत असेल, तर रिजेक्ट झालेला नग म्हणजे हातची गेलेली विक्री. आता नुकसान ४५० वजा ४०, म्हणजे ४१० रुपये. तोच १ टक्का वर्षाला २४ लाख ६० हजारांवर जातो. रिजेक्शन तेवढंच, पण कोणत्या लाइनवर आधी हात घालायचा याचं उत्तर बदललं. हा हिशेब मॅनेजमेंट अकाउंटिंगच्या पेपरात असतो. शिकलात की त्याच महिन्यात स्वतःच्या लाइनला लावा. आकडे फायनान्सकडून तपासून घ्या (तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा वेगळा निघाला तर मीटिंगमध्ये ते तुम्हाला सोडणार नाहीत), मग एका पानावर मांडून आधी तुमच्या बॉसला द्या.

बॉसचं नाव मुद्दाम घेतलं. बरीच प्रकरणं इथेच बिघडतात. हाताखालचा माणूस एमबीए करतोय हे कळलं की काही मॅनेजर मनातून धास्तावतात, विशेषतः ज्यांचं स्वतःचं शिक्षण डिप्लोमावर थांबलंय ते. त्यांना ही बातमी एचआरकडून कळता कामा नये. प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी त्यांना सांगा, आणि प्रोजेक्टचा विषय त्यांच्या डोकेदुखीतला निवडा. ग्राहकाच्या डेबिट नोटा (खराब मालापोटी कापलेले पैसे), सप्लायरकडून येणारा खराब माल, प्रीमियम फ्रेट (घाईने माल पाठवायचं जादा भाडं), काहीही. एमबीएचे शेकडो प्रोजेक्ट माझ्या हाताखालून गेले, त्यातले बहुतेक ‘कर्मचारी समाधानाचा अभ्यास’ छापाचे, पन्नास जणांकडून फॉर्म भरून घेतलेले. ते कॉलेजच्या कपाटात जातात. डेबिट नोटांचा प्रोजेक्ट मात्र थेट प्लँट हेडच्या टेबलावर जातो. एक काळजी घ्या: ग्राहकाचं ड्रॉइंग, किमती, सप्लायरचे दर कॉलेजच्या अहवालात घालू नका. आकडे बदलून किंवा टक्केवारीत मांडा आणि कंपनीची लेखी परवानगी घ्या.

अभ्यासक्रम निवडताना आधी घरून आणि कंपनीतून निघायची वेळ बघा, संस्थेचं नाव नंतर. चाकणहून सुटून संध्याकाळी सात वाजता पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर पोचायचं, हे कागदावरच शक्य आहे. तळेगाव चौक आणि मोशी ओलांडेपर्यंतच अर्धं लेक्चर झालेलं असतं. शनिवार-रविवारचा एक्झिक्युटिव्ह एमबीए सोयीचा वाटतो, पण आपल्या पट्ट्यात अनेक कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुमच्याकडेही तसं असेल तर दर रविवारी सुट्टी किंवा शिफ्टची अदलाबदल मागावी लागेल, आणि ती दोन वर्षं कोणी आनंदाने देत नाही. अशा वेळी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचा मार्ग व्यवहार्य. मुंबईकरांचं बरं आहे. तिथे मुंबई विद्यापीठाच्या फायनान्स, मार्केटिंग, एचआर अशा तीन वर्षांच्या पार्ट-टाइम मास्टर्सची जुनी परंपरा आहे. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून उभी आहे, आणि ऑफिस सुटल्यावर लोकलने वर्गाला जाणाऱ्यांच्या पिढ्या तिने पाहिल्या. पुण्याच्या कारखानदारीला एमबीएसाठी तसं हाताशी असलेलं संध्याकाळचं कॉलेज नीट लाभलं नाही.

दूरशिक्षण म्हटलं की ‘त्याला किंमत असते का?’ हा प्रश्न येतोच. कायद्याने असते. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या समकक्ष मानाव्यात, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा. विद्यापीठाला मान्यता आहे एवढं पुरत नाही. तुम्ही घेताय तो अभ्यासक्रम, त्या वर्षासाठी, त्याच पद्धतीने चालवायची परवानगी आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. चौकातल्या ‘अ‍ॅडमिशन सेंटर’वाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि हो, तुमचं बी.ई. प्रत्यक्ष वर्गात बसून झालंय, हे चांगलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातून दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांवर गदा आणली, तेव्हा नोकरीत असलेल्या अनेकांची झोप उडाली होती.

फी फार डोक्यावर घेऊ नका. तुम्हाला त्याच कंपनीत राहायचं आहे, म्हणजे बायोडेटावरच्या नावाने अनोळखी माणसाला भारावून टाकायची गरज तुम्हाला नाही. ती गरज नोकरी बदलणाऱ्याला असते. तुमच्यासाठी इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि त्यांच्या कित्येक पट फी घेणारा नामांकित एक्झिक्युटिव्ह एमबीए यांत कंपनीच्या आत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वर्गातल्या सोबत्यांत. महागड्या वर्गात शेजारी दुसऱ्या कंपनीचा परचेस हेड बसलेला असतो. ऑनलाइनमध्ये ते जवळपास नाही.

हे वाचणाऱ्यांत तुमच्या मागून येणारे डिप्लोमावाले असतील, त्यांच्यासाठी एक वाक्य: दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे, त्यावर एमबीएला थेट प्रवेश मिळत नाही. आधी पदवी लागते. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत बी.ई., बी.टेक. चालवायला एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेने २०२३-२४ पासून महाविद्यालयांना पुन्हा वाट करून दिली आहे, ती बघा.

बँकेत हे सगळं किती सोपं आहे बघा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही मुंबईची संस्था १९२८ पासूनची. तिच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा नोकरी करता करता द्यायच्या, पास झालं की करारानुसार जादा इन्क्रिमेंट. लिहून ठेवलेला नियम आहे, साहेबाची मर्जी सांभाळायला नको. खासगी कारखान्यात असा नियम नसतो, म्हणून तो स्वतः तयार करून घ्यावा लागतो. फी मंजूर करून घेताना एचआरकडून एवढं लिहून घ्यायचा प्रयत्न करा: अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात दुसऱ्या विभागात किमान सहा महिन्यांचं काम मिळेल. बढतीचं आश्वासन मागू नका. ते कोणी लेखी देत नाही आणि तोंडी दिलेलं कोणाला आठवत नाही. विभाग बदलाचं मात्र देतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही.

मागायची वेळही सांभाळा. आपल्याकडे अप्रेझल एप्रिलमध्ये होतं असं सगळे समजतात. खरं तर बजेटबरोबर नवा ऑर्ग चार्ट (कोण कोणत्या पदावर, याचा तक्ता) जानेवारी-फेब्रुवारीतच ठरलेला असतो आणि एप्रिलमध्ये फक्त पत्रं वाटली जातात. तुमचं जे काही बोलायचं ते दिवाळी ते ख्रिसमसच्या दरम्यान.

बाँडचं म्हणाल तर घाबरू नका, पण वाचल्याशिवाय सही करू नका. ‘बाँडला कोर्टात अर्थ नसतो’ असं कँटीनमध्ये ठामपणे सांगणारे असतात. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली, तेव्हा त्या भरवशावर राहू नये. तुमच्या बाँडमध्ये तीन गोष्टी बघा. तीन वर्षं कधीपासून मोजणार, प्रवेशापासून की निकालापासून? पदवीला दोन वर्षं लागणार, म्हणजे निकालापासून मोजले तर तुम्ही प्रत्यक्षात पाच वर्षं बांधले जाता. दुसरं, रक्कम दरवर्षी कमी होत जाते का? दोन वर्षं काढून गेलात तर एक तृतीयांशच भरावी लागली पाहिजे. तिसरं, कंपनीनेच तुम्हाला काढलं किंवा प्लँट दुसरीकडे हलवला तर बाँड संपतो का? या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर सही करा. तुम्हाला तसंही राहायचंच आहे, मग निम्मी फी का सोडायची?

राहण्याचा आर्थिक हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करा. तुमच्याच पदावर बाहेरून येणारा माणूस तुमच्यापेक्षा जास्त पगार घेऊन येईल. हे अन्यायकारक आहे आणि जवळपास सगळीकडे असंच आहे. राहणाऱ्याच्या बाजूची एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे ग्रॅच्युइटी. ती शेवटच्या वेतनावर, झालेल्या सगळ्या वर्षांसाठी मोजतात: वेतन (मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ४०,००० वेतनावर २० वर्षांचे ४ लाख ६१ हजार होतात, ७०,००० वर ८ लाख ७ हजार. म्हणजे उशिरा मिळालेली बढतीसुद्धा मागची सगळी वर्षं महाग करून जाते. नोकऱ्या बदलणाऱ्याचा हा हिशेब दर वेळी शून्यापासून सुरू होतो. अर्थात तेवढ्यासाठी कुठे चिकटून राहावं, असं मी म्हणणार नाही.

कारण सगळ्यात आधी तपासायची गोष्ट वेगळीच आहे. तुमच्या कंपनीत गेल्या काही वर्षांत विभागप्रमुख झालेली नावं आठवा. आतून किती आले आणि बाहेरून किती आणले? आतून आलेल्यांपैकी शॉपफ्लोअरवरून चढलेला एक तरी आहे का? एकही नसेल तर पहिले तुम्हीच व्हाल अशी आशा धरायला हरकत नाही, पण घर त्या आशेवर चालवू नका. आपल्या भागातल्या ऑटो पार्ट्सच्या बऱ्याच कंपन्या कुटुंबाच्या मालकीच्या आहेत. मालकांचा मुलगा किंवा मुलगी परदेशात शिकत असेल तर पुढच्या काही वर्षांत वरच्या खुर्च्यांची मांडणी बदलणार, हे गृहीत धरा. ते वाईटच असतं असं नाही. नव्या पिढीला वडिलांच्या जुन्या मॅनेजरांपेक्षा स्वतःची माणसं हवी असतात आणि तुमच्या वयाच्या लोकांना त्यात संधी मिळते. अभ्यासक्रम संपल्यावर एक पूर्ण अप्रेझल जाऊ द्या. तोवर विभाग बदलला नाही, जबाबदारी वाढली नाही, तर बाँडची तारीख बघून बाहेर अर्ज करायला सुरुवात करा.

घरच्यांशी बोलताना ‘दोन वर्षांचाच प्रश्न आहे’ असं मोघम सांगू नका. आठवड्याला दहा-बारा तास जाणार, नाईट शिफ्टच्या आठवड्यात काहीच होणार नाही, परीक्षा कस्टमर ऑडिटच्याच आठवड्यात येणार आणि सासरकडच्या लग्नाला तुम्ही नसणार, हे आधीच सांगा. फीसाठी कर्ज काढणार असाल तर जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८ वर्षांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत नाही. एवढ्या रकमेला कर्ज न काढलेलंच बरं.

राहिलं इंग्रजी. एमबीएच्या उत्तरपत्रिकेत लागतं ते इंग्रजी तुम्ही रोज ग्राहकाला पाठवता त्या एट-डी रिपोर्टपेक्षा (तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) फार वेगळं नाही: छोटी वाक्यं, आकडे, कारण, उपाय. अडचण भाषेपेक्षा अकाउंट्सच्या शब्दांची होते, कारण पहिल्याच सेमिस्टरला तो पेपर येतो आणि इंजिनिअर तिथे गडबडतात. त्यावर एक स्वस्त उपाय आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणत्याही नोंदणीकृत कंपनीची जमा केलेली कागदपत्रं बघता येतात, प्रायव्हेट लिमिटेडचीसुद्धा. प्रवेश घ्यायच्या आधी तुमच्याच कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकं उतरवून घ्या. विक्री, कच्चा माल, कर्मचारी खर्च, व्याज आणि साठा हे पाच आकडे एका वहीत तीन रकान्यांत लिहा. साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढलेला दिसला तर स्टोअरच्या माणसाला चहाला बोलवा आणि कशामुळे ते विचारा. व्याज वाढत असेल तर फायनान्सकडे जा, पण ते एमबीएला नाव नोंदवल्यावर.